पेडण्याचे देशप्रभू आणि गावोगावचे ‘कर’

देशप्रभू हे गोव्यातल्या दुर्मीळ आडनावांपैकी एक. ते मूळचे पेडण्याच्या एका घराण्याचे, आणि आजही ते उच्चारले की पेडणे शहरातला देशप्रभूंचा वाडाच डोळ्यांपुढे येतो. पेडण्याचेच नाव लावणारे पेडणेकर मात्र सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवणपासून थेट मुंबईपर्यंत भेटतात. एक आडनाव आपल्या जागी राहिले आणि थोडके राहिले. दुसरे गाव सोडून निघाले आणि वाढले. पेडणे आणि डिचोली या उत्तर गोव्यातल्या दोन तालुक्यांच्या आडनावांचा इतिहास बऱ्याच अंशी या एका फरकातून उलगडतो.

पेडणे हा गोव्याचा अगदी उत्तरेकडचा तालुका. दक्षिणेला शापोरा नदी त्याला बार्देशापासून वेगळे करते, तर उत्तरेला तेरेखोल नदीपलीकडे सिंधुदुर्ग जिल्हा सुरू होतो. डिचोली त्याच्या आग्नेयेला, एका अंगाने दोडामार्गाला तर दुसऱ्या अंगाने मांडवीला टेकलेला. २०११ च्या जनगणनेत पेडण्याची लोकसंख्या सुमारे ७६ हजार आणि डिचोलीची सुमारे ९८ हजार होती. एवढ्याशा मुलखातून निघालेली आडनावे त्या मानाने फार दूरवर पसरली.

आडनाव दुर्मीळ का होते?

आडनावांचा असा अभ्यास ब्रिटनमध्ये फार नेटाने झाला आहे. तिथे साधारण बाराव्या ते चौदाव्या शतकांत आडनावे वंशपरंपरेने चालू लागली. १५३८ पासून चर्चच्या परगण्यांत बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी ठेवण्याचा हुकूम निघाला, आणि १८८१ च्या जनगणनेवरून कोणते आडनाव कोणत्या परगण्यात किती दाट होते याचे नकाशे तयार झाले. एकाच आडनावाचा पिच्छा पुरवणाऱ्या हौशी अभ्यासकांनी १९७९ मध्ये आपली संघटनाही काढली. या साऱ्यातून एक ठळक गोष्ट पुढे आली. धंद्यावरून पडलेली आडनावे गावोगाव स्वतंत्रपणे निर्माण झाली, म्हणून ती सर्वत्र आहेत. एखाद्या आडबाजूच्या वस्तीवरून किंवा मळ्यावरून पडलेली आडनावे मात्र एकाच कुटुंबापासून सुरू झाली, म्हणून ती विरळ आहेत आणि शतकानुशतके मूळ जागेच्या आसपास घोटाळत राहिली.

लेस्टर विद्यापीठातल्या ट्युरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ मध्ये ४० ब्रिटिश आडनावांच्या पुरुषांची गुणसूत्रे तपासली, तेव्हा हाच निष्कर्ष पक्का झाला. बापाकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र दुर्मीळ आडनावांच्या माणसांत पुष्कळदा सारखे निघाले. ‘स्मिथ’सारख्या सर्वसाधारण आडनावात तसे साम्य दिसले नाही. म्हणजे आडनाव दुर्मीळ असले तर ते धारण करणारे बहुधा एकमेकांचे भाऊबंद असतात.

हा नियम गोव्याला जसाच्या तसा लागू पडत नाही. इथे गावावरून पडलेली आडनावे एका घरापासून सुरू होत नाहीत. गाव सोडणारे कोणीही, कुठल्याही घरचे, बाहेर जाऊन त्याच गावाचे नाव लावतात. विरळ राहतात ती हुद्द्यावरून किंवा किताबावरून पडलेली नावे, कारण तो मान एखाद्याच घराकडे असतो. देशप्रभू हे त्यांतले ठळक उदाहरण.

उशिरा आलेली पोर्तुगीज सत्ता

पेडणे आणि डिचोलीत जुनी आडनावे टिकली, याचे कारण पोर्तुगीजांच्या इतिहासात सापडते. तिसवाडी त्यांनी १५१० मध्ये जिंकली, बार्देश आणि साष्टी १५४३ मध्ये त्यांच्या ताब्यात आले. या भागाला पुढे ‘जुन्या काबिजादी’ म्हटले गेले. सोळाव्या शतकात तिथे देवळे पाडली गेली, मोठ्या प्रमाणावर धर्मांतरे झाली, आणि बाप्तिस्म्याबरोबर नवी पोर्तुगीज आडनावे आली. धर्मपित्याचे किंवा बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीचे आडनाव लावण्याची रीत असल्यामुळे एकाच वाड्यावरच्या भाऊबंदांत कुणी फर्नांडिस, कुणी डिसोझा, तर कुणी रॉड्रिग्ज झाला. त्यामुळे जुन्या काबिजादीत आडनावावरून मूळ कूळ शोधणे अवघड होऊन बसले.

पेडणे आणि डिचोली त्या वेळी पोर्तुगीजांकडे नव्हते. पुढे हा मुलूख सावंतवाडीच्या भोसल्यांकडे होता. १७८१-८२ मध्ये डिचोली आणि सत्तरी पोर्तुगीजांनी घेतली, आणि १७८८ च्या तहाने पेडणेही त्यांच्याकडे गेले. दक्षिणेकडचे फोंडा, केपे, सांगे आणि काणकोण हे भाग सौंध्याच्या राजाकडून आले. या साऱ्यांना मिळून ‘नव्या काबिजादी’ हे नाव पडले. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता, आणि इथल्या लोकांच्या धर्माला व रूढींना हात लावणार नाही, अशी हमी पोर्तुगीजांनी दिली होती. १८८० मध्ये गोव्यातल्या हिंदूंच्या चालीरीतींची कायद्याने वेगळी संहिताही झाली. त्यामुळे गावकरी, देवस्थाने, वतने आणि त्यांच्याशी निगडित नावे, सगळे जवळजवळ तसेच पुढे चालत आले.

तेरेखोलची हद्द हीही तशी नवी. १७८८ पर्यंत पेडणे, बांदे आणि सावंतवाडी एकाच राज्यात होती. पेडण्याच्या माणसाला वेंगुर्ल्याला जाताना दुसऱ्या राज्यात पाऊल टाकावे लागत नव्हते. म्हणूनच सिंधुदुर्गातली आणि पेडण्यातली आडनावे आजही एकमेकांत मिसळलेली आहेत.

गावात राहणाऱ्यांची नावे

या दोन तालुक्यांतली आडनावे ढोबळमानाने तीन प्रकारची आहेत. पहिली गावातल्या स्थानावरून आणि कामावरून आलेली: गावकर, नाईक, परब, राऊळ, गावडे, शेट्ये. गावकरी पद्धतीत गाव वसवणाऱ्या कुळांचा जमिनीवर सामायिक हक्क असे. ही कुळे वांगडांत, म्हणजे भाऊबंदांच्या गटांत, विभागलेली, आणि देवाच्या मानापासून जमिनीच्या उत्पन्नापर्यंत सगळे वांगडांच्या क्रमाने चाले. पोर्तुगीजांनी या संस्थेला ‘कोमुनिदाद’ म्हटले आणि तिच्यासाठी संहिता केल्या. ज्याचा गावावर असा हक्क, तो गावकर. नाव एकच, पण गावे अनेक, त्यामुळे हे आडनाव ब्रिटनमधल्या स्मिथसारखे सगळीकडे आहे आणि दोन गावकर एकमेकांचे नातेवाईक असतीलच असे नाही.

या गटात गावस या आडनावाकडे विशेष लक्ष द्यायला हवे. डिचोली, सत्तरी आणि लगतचा दोडामार्ग या डोंगराळ पट्ट्यात ते दाट आहे. किनाऱ्याकडे सरकावे तसे ते विरळ होते. राज्यांच्या सीमेने दुभागला गेलेला हा सलग पट्टा गावस आडनावाने अजून जोडलेला आहे.

दुसरा प्रकार हुद्दे आणि किताब यांचा: देसाई, सरदेसाई, प्रभुदेसाई, शेणवी, कामत, आणि यातलेच देशप्रभू. तिसरा प्रकार गावाच्या नावापुढे ‘कर’ लावलेला.

गाव सोडल्यावर मिळणारे नाव

पेडणे तालुक्यातल्या गावांची यादी वाचली की आडनावांची यादी आपोआप तयार होते. हरमलचे हरमलकर, मांद्र्याचे मांद्रेकर, मोरजीचे मोरजकर, पार्सेचे पार्सेकर, कोरगावचे कोरगावकर, धारगळचे धारगळकर, तुयेचे तुयेकर, विर्नोड्याचे विर्नोडकर, पालयेचे पालयेकर, हळर्णचे हळर्णकर. डिचोलीतही तेच: डिचोलकर, मयेकर, नार्वेकर, पिळगावकर, मुळगावकर, शिरगावकर, कुडणेकर, आमोणकर, सांखळकर.

ही आडनावे त्या त्या गावात साधारणपणे कमी आढळतात. मांद्र्यात सगळेच मांद्र्याचे, मग तिथे कुणाला मांद्रेकर म्हणून वेगळा कसा ओळखणार? तिथे तो नाईक, परब किंवा गावडे असतो. शेजारच्या गावी सोयरिकीने, कुळ म्हणून किंवा धंद्यासाठी गेला, की तिथले लोक त्याला मांद्रेकर म्हणू लागतात. मुले तेच नाव शाळेत लावतात आणि दोन पिढ्यांत ते कायमचे होते.

सार्वजनिक जीवनातली नावे पाहिली तरी हे दिसते. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांचा जन्म १९११ मध्ये पेडण्यात झाला, पण त्यांचे आडनाव फोंडा तालुक्यातल्या बांदोड्याचे. माजी मुख्यमंत्री लक्ष्मीकांत पार्सेकर हरमलचे. पार्से हे त्याच तालुक्यातले दुसरे गाव. माजी मंत्री दयानंद मांद्रेकर निवडून येत ते शापोऱ्याच्या पैलतीरावरच्या शिवोलीतून. मुंबईच्या महापौरपदी किशोरी पेडणेकर होत्या. चित्रकार रघुवीर मुळगावकर आणि अभिनेते सचिन पिळगावकर यांच्या आडनावांमुळे डिचोलीतली दोन छोटी गावे महाराष्ट्राच्या घरोघरी पोचली, जरी ती नावे गावांची आहेत हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

‘कर’ आडनाव जात सांगत नाही, एवढेही इथे नोंदवायला हवे. एकाच गावातून निघालेले सारस्वत, दैवज्ञ, मराठा आणि भंडारी, सगळे त्या गावाचे नाव लावतात. देवळांच्या सेवेत असलेल्या कलावंत घराण्यांनीही गावांचीच नावे घेतली. केसरबाई केरकर फोंडा तालुक्यातल्या केरीच्या, मोगूबाई कुर्डीकर सांगे तालुक्यातल्या कुर्डीच्या. मोगूबाईंची कन्या किशोरी लग्नानंतर आमोणकर झाल्या. कुर्डी गाव पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. एरवी बुडालेले त्याचे अवशेष उन्हाळ्यात पाणी ओसरले की दिसतात. गाव नकाशावरून पुसले गेले तरी कुर्डीकर हे आडनाव संगीताच्या इतिहासात कायम आहे.

एक नाव, अनेक गावे

‘कर’ आडनावावरून मूळ गाव ओळखणे वाटते तितके सोपे नाही. केरकर घ्या. केरी नावाची गावे एकट्या गोव्यातच तीन आहेत: तेरेखोलजवळची पेडण्यातली, डोंगराच्या कुशीतली सत्तरीतली, आणि फोंड्यातली. तीन केरींचे तीन वेगळे केरकर, आणि आडनाव मात्र एकच. शिरोडकरांचेही तसेच. एक शिरोडे फोंडा तालुक्यात. दुसरे, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहासाठी ओळखले जाणारे शिरोडे, पेडण्याच्या पलीकडे वेंगुर्ले तालुक्यात. मयेकर म्हणजे डिचोलीतल्या मयेचाच, असेही ठामपणे म्हणता येत नाही.

अशा वेळी कुलदैवत उपयोगी पडते. आडनाव एक असले तरी देव वेगळा असेल, तर मूळ वेगळे समजायचे, ही गोव्यातली आणि दक्षिण कोकणातली जुनी कसोटी आहे.

देवांबरोबर आलेली नावे

डिचोली आणि पेडण्यात काही आडनावे अशीही आहेत, की ती जुन्या काबिजादीतून पळून आलेल्या देवांच्या वाटेने आली. सोळाव्या शतकात तिसवाडी आणि बार्देशातल्या देवळांवर घाला आला, तेव्हा लोकांनी मूर्ती होड्यांतून नदीपार नेल्या. सप्तकोटेश्वर दिवाडी बेटावरून डिचोलीतल्या नार्वेला आला. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करविला. चोडणचा देवकीकृष्ण आधी मयेला आणि मग माशेलला गेला. कळंगुटची शांतादुर्गा डिचोलीतल्या नानोड्याला स्थिरावली आणि आजही कळंगुटकरीण म्हणूनच पुजली जाते.

देवांमागून भक्तही निघाले, किंवा निदान देवाशी नाते सांगत राहिले. चोडणकर आणि कळंगुटकर ही आडनावे या स्थलांतराच्या खुणा बाळगून आहेत. ज्या गावातून ही माणसे गेली तिथे मागे राहिलेल्यांची आडनावे पोर्तुगीज झाली. गेलेल्यांनी गावाचे नाव जपले. एकाच कुळाच्या एका शाखेचे डिसोझा आणि दुसऱ्या शाखेचे कळंगुटकर होणे हे गोव्यात नवलाचे नाही.

देशप्रभू

आता पुन्हा देशप्रभूंकडे. महाराष्ट्रातल्या देशमुख, देशपांडे या नावांत जसा ‘देश’ म्हणजे महाल वा परगणा, तसाच तो इथेही आहे. ‘प्रभू’ ही दक्षिण कोकणातली आणि गोव्यातली मानाची व कारभाराची जुनी उपाधी. गावाचा प्रभू वेगळा आणि परगण्याचा देशप्रभू वेगळा. प्रभू आणि प्रभुदेसाई ही आडनावे अनेक गावांत आहेत, कारण तसे अधिकारी अनेक होते. देशप्रभू हे मात्र एका महालातल्या एका घराण्याला चिकटलेले नाव राहिले.

सारस्वत ब्राह्मणांचे हे घराणे पेडण्यातले मोठे जमीनदार. सावंतवाडीकडून मुलूख पोर्तुगीजांकडे गेला, तरी घराण्याचा मान कमी झाला नाही. उलट पोर्तुगालच्या राजाकडून त्यांना ‘व्हिस्कोंदे द पेडणें’ हा सरदारकीचा किताब मिळाला. पोर्तुगीज सरदारकी एका हिंदू घराण्याला मिळणे ही त्या साम्राज्यातली विरळ गोष्ट होती. १९१० मध्ये पोर्तुगालमधली राजेशाही संपली आणि १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, पण पेडण्यात घराण्याचे वजन राहिले. या घराण्यातले जितेंद्र देशप्रभू पेडण्याचे आमदार होते. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले.

पेडणे शहरातला त्यांचा वाडा अनेक चौकांचा आहे. एका चौकातून दुसऱ्यात जाताना देवघर, कचेरी आणि राहती दालने लागतात; मेणे-पालख्या आणि पोर्तुगीज राजघराण्यातल्या व्यक्तींची चित्रे एकाच छपराखाली नांदतात. जमीन, देऊळ, वाडा आणि किताब, सगळे एकाच गावात असल्यावर घराण्याच्या मुख्य शाखेला बाहेर जाण्याचे कारण उरले नाही. म्हणून हे आडनाव जिथे निर्माण झाले तिथेच ठळक राहिले, आणि पसरले ते शिक्षण, नोकरी व लग्नांमुळे बाहेर पडलेल्या थोड्या माणसांपुरते.

कागदावरचे आडनाव

आडनावांच्या प्रवासात लेखनानेही गोंधळ घातला आहे. नव्या काबिजादीतले जुने कागद मराठीत आणि मोडी लिपीत असत. पोर्तुगीज कारकुनांनी तीच नावे आपल्या कानाने ऐकून रोमन लिपीत उतरवली. पोर्तुगीज लेखनात ‘के’ हे अक्षर सहसा वापरत नाहीत. म्हणून ‘कर’मधल्या क साठी ‘सी’ आला, आणि नाईकसारख्या नावात ‘क्यू’. श साठी ‘एक्स’. शेणवीचे ‘सिनाई’ झाले, प्रभूचे ‘पोरोबो’, कामतचे ‘कामोतिम’.

गावांच्या नावांचेही तेच झाले. कोकणीत पेडणें, मांद्रें, पार्सें, पालयें असा शेवट नाकात उच्चारला जातो. मराठी लेखनाने तो अनुस्वार सोडून दिला, तर पोर्तुगीजांनी तो दाखवायला शेवटी ‘एम’ लावला. म्हणून पालयेकर हे आडनाव एका घरात मराठी उच्चाराप्रमाणे लिहिले जाते, तर दुसऱ्या घरात मध्ये ‘एन’ घेऊन ‘पालिएंकर’ असे. डिचोलीचे पोर्तुगीजांनी ‘बिचोली’ केले, आणि त्यामुळे डिचोलकरांबरोबर बिचोलकरही दिसू लागले. मतदारयादीत ही दोन नावे दूर दूर पडतात, पण दोघांचे गाव एकच.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात नागरी नोंदणी रुजली आणि जन्माच्या दाखल्यावर लिहिले गेले तेच आडनाव कायदेशीर ठरले. मुक्तीनंतर अनेकांनी ‘सिनाई’, ‘पोरोबो’ हे पुढचे शब्द गाळले आणि फक्त गावाचे नाव ठेवले. १९९० मध्ये गोव्याने नाव आणि आडनाव बदलण्यासाठी स्वतंत्र कायदा केला. तरीही जन्मनोंदीतले एक लेखन, शाळेच्या दाखल्यावरचे दुसरे आणि आधारवरचे तिसरे, असे प्रकार सर्रास आढळतात. वारसाहक्काच्या किंवा पोर्तुगीज नागरिकत्वाच्या कामात या तिन्ही नावांचा माणूस एकच, हे प्रतिज्ञापत्र करून सिद्ध करावे लागते.

आज कोण कुठे?

भारताच्या जनगणनेत आडनावांची आकडेवारी प्रसिद्ध होत नाही. त्यामुळे ब्रिटनसारखे नकाशे इथे काढता येत नाहीत. पण मतदारयाद्या, कोमुनिदादीच्या वह्या, पणजीच्या पुराभिलेखागारातले जुने दप्तर आणि देवस्थानांच्या महाजनांच्या याद्या यांवरून चित्र पुरेसे स्पष्ट होते. महाजन म्हणजे देवस्थानाचे वंशपरंपरागत सभासद. १९३३ च्या देवस्थान नियमावलीने त्यांच्या याद्यांना कायद्याचे बळ दिले. पिढ्यान्पिढ्या मुंबईत राहणारे घराणेही या याद्यांत असते, म्हणून आडनावाचा माग काढणाऱ्याला त्यांचा मोठा आधार होतो.

या साधनांतून दिसते ते असे. पेडणे आणि डिचोलीच्या ‘कर’ आडनावांचा पहिला फेरा शेजारच्या तालुक्यांत आणि बार्देशात, म्हापसा-पणजीच्या बाजारपेठांत. दुसरा फेरा तेरेखोलपलीकडे, सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण आणि बेळगावकडे. तिसरा मुंबईत: एकोणिसाव्या शतकापासून आगबोटींनी गेलेले गिरगावातले व्यापारी आणि नोकरदार, मग गिरणगावातले कामगार, आणि आता उपनगरांत विखुरलेली त्यांची नातवंडे. चौथा फेरा आखाती देश, पोर्तुगाल आणि ब्रिटनपर्यंत पोचतो.

स्थानिक नावे मात्र, म्हणजे गावकर, गावस, परब, राऊळ, अजून मुख्यतः गावांतच दाट आहेत. देशप्रभूंसारखी घराण्याची नावे त्याहून कमी हलतात. दुसरीकडे मोपा विमानतळावरून २०२३ च्या जानेवारीत प्रवासी वाहतूक सुरू झाल्यापासून पेडण्यात बाहेरून येणाऱ्यांची संख्या वाढली आहे, आणि शाळेच्या हजेरीपटावर पूर्वी कधी नसलेली आडनावे दिसू लागली आहेत. बाहेर गेलेले पेडणेकर आणि बाहेरून आलेले हे नवे रहिवासी, दोघेही आपापल्या मूळ गावाची ओळख नावात घेऊन वावरतात. फक्त गोव्याच्या रूढीने ती ओळख ‘कर’ लावून उघड सांगितली, आणि म्हणून इथे आडनाव ऐकताच समोरचा माणूस दुसरा प्रश्न विचारतो तो कुलदैवताचा.